कूट उलगडणारी मुलं आणि आपली ऐतिहासिक कादंबरी

इंग्रजीत किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या ऐतिहासिक कादंबरीत गेल्या वीसेक वर्षांत एक स्वतंत्र दालन उभं राहिलं आहे. युद्धकाळात शत्रूचे गुप्त संदेश पकडून त्यांचा अर्थ लावणारी, किंवा आपले संदेश शत्रूला कळू नयेत म्हणून झटणारी माणसं या कादंबऱ्यांच्या मध्यभागी असतात. त्यांतली बरीचशी पंधरा ते वीस वर्षांची असतात. त्यांच्या हातात बंदूक क्वचितच असते. कागद, पेन्सिल, कानाला लावलेला हेडफोन आणि चांगली अवगत असलेली एखादी भाषा, एवढ्यावर ती लढतात.

मराठीत हे दालन जवळजवळ रिकामं आहे. त्यासाठी लागणारा इतिहास मात्र आपल्याकडे मुबलक आहे, आणि तो पुण्या-मुंबईत आहे तसा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, आमच्या गडचांदूरच्या पंचक्रोशीतही आहे. मुलांना शौर्य शिकवताना आपण घोडा, तलवार आणि गड दाखवले. वाचणारा, ऐकणारा, अर्थ लावणारा माणूस त्या चित्रात कडेला उभा राहिला. त्याला मध्यभागी आणण्याची वेळ आली आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून बाहेरच्या पुस्तकांनी काय साधलं, आपल्या परंपरेत काय आहे, कोणता इतिहास अजून कथेची वाट पाहतो आहे आणि तो लिहिताना काय सांभाळावं लागेल, याचा हा आढावा.

बाहेरचं दालन

यातल्या बऱ्याचशा लेखनाचा उगम इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क या ठिकाणी आहे. जर्मन सैन्याच्या एनिग्मा या कूटयंत्राचे संदेश उलगडण्याचं काम तिथे चाले. त्याची पायाभरणी पोलंडमध्ये झाली होती. मारियान रेयेव्हस्की या तरुण गणितज्ञाने 1932 च्या अखेरीस एनिग्माची रचना गणिताने शोधून काढली आणि 1939 च्या जुलैत, युद्धाच्या तोंडावर, पोलंडने ते ज्ञान ब्रिटन व फ्रान्सच्या हवाली केलं. युद्धाच्या शेवटी ब्लेचलीत सुमारे 10 हजार माणसं काम करत होती. त्यांत जवळपास तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. बहुतेकांनी तीसेक वर्षं घरच्यांनाही काही सांगितलं नाही. 1974 नंतर हळूहळू तोंडं उघडली आणि मग कथा-कादंबऱ्यांना वाट मिळाली.

किशोरांच्या कादंबरीला ही पार्श्वभूमी इतकी का मानवली, याचं उत्तर मेव्हिस लीव्हर या मुलीच्या हकिकतीत सापडतं. 1940 साली ब्लेचलीत आली तेव्हा ती 19 वर्षांची होती. एनिग्मा यंत्राची एक खोड होती. कोणतंही अक्षर कूटात बदलताना ते स्वतःच्या जागी स्वतः कधीच येत नसे. एके दिवशी इटालियन नौदलाचा एक लांबलचक संदेश तिच्या हाती आला, आणि त्यात ‘एल’ हे अक्षर एकदाही नाही हे तिच्या ध्यानात आलं. तिने अंदाज बांधला की हा खरा संदेशच नाही. शत्रूला चकवण्यासाठी खोटा संदेश पाठवायला सांगितलेल्या कोणा कंटाळलेल्या शिपायाने ‘एल’ची एकच कळ पुन्हा पुन्हा दाबली असणार. अंदाज बरोबर ठरला आणि त्या धाग्यावरून यंत्राच्या एका चाकाची जोडणी उलगडली. अशाच कामातून 1941 च्या मार्चमध्ये मातापानच्या सागरी लढाईपूर्वी ब्रिटिश आरमाराला इटालियन बेत कळला. चौदा वर्षांच्या वाचकाला यातली प्रत्येक पायरी समजते. जे नाही त्याकडे लक्ष देणं, हे मोठ्या माणसांइतकंच त्यालाही जमण्यासारखं असतं.

एलिझाबेथ वाइन यांच्या ‘कोड नेम व्हेरिटी’ (2012) या कादंबरीने या प्रकाराला मोठा वाचक मिळवून दिला. नाझींच्या तावडीत सापडलेली एक मुलगी कबुलीजबाब लिहिते, आणि त्या कबुलीजबाबातच काहीतरी दडवते. वाचकाने तो मजकूर दुसऱ्यांदा वाचावा अशी ही रचना आहे. त्यांच्याच ‘द एनिग्मा गेम’ (2020) मध्ये जमैकन वडिलांची पंधरा वर्षांची मुलगी स्कॉटलंडच्या एका विमानतळाशेजारी राहायला येते आणि एक एनिग्मा यंत्र तिच्या वाट्याला येतं. वर्णामुळे जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही ती मुलगी नेमकं महत्त्वाचं तेच ऐकते. रुटा सेपेटिस आणि स्टीव्ह शेन्किन यांच्या ‘द ब्लेचली रिडल’ (2024) मध्ये चौदा वर्षांची बहीण आणि तिचा भाऊ हरवलेल्या आईचा शोध घेतात, आणि वाचकाला वाटेत स्वतः कोडी सोडवायला मिळतात.

आमच्या भागाच्या दृष्टीने यांतलं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक मात्र जोसेफ ब्रुशाक यांचं ‘कोड टॉकर’ (2005) आहे. अमेरिकेतल्या नावाहो आदिवासी मुलांना वसतिशाळेत स्वतःची भाषा बोलायला बंदी होती. बोलल्यास शिक्षा होई. तीच मुलं मोठी होऊन 1942 पासून मरीन दलात गेली आणि त्यांच्या भाषेवर उभारलेलं कूट जपान्यांना शेवटपर्यंत उलगडलं नाही. पहिल्या तुकडीत 29 जण होते. रणगाड्याला त्यांनी कासवाचं नाव दिलं होतं. नुसती भाषा येणंही पुरेसं नव्हतं. जपान्यांच्या कैदेत सापडलेल्या एका नावाहो सैनिकाचा अतोनात छळ झाला, तरी त्याला शब्द कळले आणि संदेश कळला नाही. हे काम 1968 पर्यंत गुप्त राहिलं आणि पहिल्या 29 जणांचा राष्ट्रीय गौरव व्हायला 2001 साल उजाडलं. ज्या देशाच्या शाळेने भाषा हिसकावली त्याच देशाला त्या भाषेने वाचवलं, ही विसंगती ब्रुशाक मुलांपासून लपवत नाहीत.

आपल्याकडची परंपरा

मराठी मुलांच्या हाती ऐतिहासिक कादंबरी आली ती मोठ्यांच्या कपाटातून. हरि नारायण आपट्यांची ‘उषःकाल’, नाथमाधवांची स्वराज्यमाला, पुढे गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्या कितीतरी पिढ्यांनी शाळेच्या वयात वाचल्या. या लेखनात भुयारं, वेषांतरं, खलिते आणि हेर आहेत. पण खलिता असतो तो पोचवायचा असतो. रात्रीतून घोडा मारत नेणारा स्वार नायक होतो, आणि खलित्यातल्या मजकुराचं कूट करणारा वा उलगडणारा कारकून नावालाही येत नाही.

भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला आणि फास्टर फेणेच्या रूपाने त्यांना स्वतःचा धाडसी, चौकस नायक दिला. सत्यजित राय यांचा फेलुदाही मराठीत आला आणि रमला. 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाने खेड्यापाड्यातल्या मुलांना कोडी आणि गोष्टी दोन्ही पुरवल्या. दुसरं महायुद्ध मराठी वाचकाला कळलं ते मुख्यतः वि. ग. कानिटकर आणि वि. स. वाळिंबे यांच्या ग्रंथांतून, आणि कितीतरी मुलींना ॲन फ्रँकच्या अनुवादित रोजनिशीतून. म्हणजे रहस्यकथा आहे, इतिहास आहे, युद्धाची माहितीही आहे. या तिन्हींचा संगम करून कूट उलगडणाऱ्या मुलाला वा मुलीला मध्यभागी ठेवणारी परंपरा तेवढी घडलेली नाही.

त्यासाठीचा वाचक मात्र तयारच आहे. आपली मुलं ‘च’ची भाषा पिढ्यानपिढ्या बोलत आली आहेत. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि सुरुवातीला ‘च’ लावायचा: ‘उद्या शाळा नाही’चं होतं ‘चद्याउ चळाशा चहीना’. अक्षरांची जागा बदलणे आणि निरर्थक अक्षर मिसळणे, ही कूटशास्त्राची दोन जुनी तंत्रं यात आहेत. बैलबाजारात दोन व्यापारी रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरवतात आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना आकडा कळत नाही, हेही इथल्या मुलांनी आठवडी बाजारात पाहिलेलं असतं. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी, म्हणजे हाताच्या आणि डोळ्यांच्या खुणांची भाषा, हे तर मराठीतले जुने, रुळलेले शब्द आहेत.

कथेची वाट पाहणारा इतिहास

मराठी मुलखातलं कूट उलगडण्याचं सर्वांत मोठं काम लढाईच्या धामधुमीत झालं नाही, पण त्या कुटाच्या मागे लढाईची सावली आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंक लिपी अशा अनेक गुप्त लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपी रवळोव्यासांनी तयार केली, असं पंथाची परंपरा सांगते. उत्तरेच्या सुलतानी फौजांच्या धाडींत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी गमावली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, ही हकिकतही परंपरेत आहे. पुढे शतकानुशतकं मराठीचा हा आद्य ठेवा पंथाबाहेरच्या मराठी माणसाला वाचता येत नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी या लिप्यांच्या किल्ल्या उघड झाल्या, आणि यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी ते वाङ्मय अभ्यासकांसमोर मांडलं. एका पोथीपाशी बसलेला राजवाडे आणि शेजारी दिवा धरून उभा असलेला एखादा कल्पित शाळकरी मुलगा, एवढ्यावर कादंबरी उभी राहू शकते. ती विदर्भात घडू शकते, कारण महानुभावांचं रिद्धपूर विदर्भातच आहे.

मराठेशाहीत हेरगिरीची व्यवस्था पक्की होती. सभासदाच्या बखरीत बहिर्जी नजरबाज म्हणून येतो आणि 1664 च्या सुरत मोहिमेशी त्याचं नाव जोडलेलं आहे. त्याच्याविषयीच्या वेषांतराच्या कथा लोकप्रिय आहेत, पण त्याच्या कामाचा गाभा बारकाईने पाहणं आणि लक्षात ठेवणं हा होता. आणि कूटसंदेश म्हटलं की मराठी माणसाला आठवतं ते पानिपतानंतरचं पत्र. 1761 च्या जानेवारीत उत्तरेकडून नानासाहेब पेशव्यांच्या हाती लागलेल्या एका सावकारी पत्रात मोती, मोहरा आणि खुर्दा गेल्याचा हिशेब होता, असं सांगतात. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे अगणित शिपाई. वरून पाहणाऱ्याला साधा व्यापारी मजकूर दिसावा आणि ज्याला कळायला हवं त्याला सारा अनर्थ कळावा, हे या प्रकारच्या कुटाचं मर्म असतं. आपल्या मुलांना ही हकिकत पानिपतच्या शोकाचा भाग म्हणून सांगितली जाते. ते पत्र लिहायला बसलेल्या माणसाने प्रत्येक शब्द कसा निवडला असेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे कोणी ठेवत नाही.

दुसऱ्या महायुद्धाकडे आलं की सामग्री आणखी वाढते. दिल्लीत आनंद पर्वतावर, रामजस कॉलेजच्या इमारतींत, वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर नावाचं केंद्र होतं. नाव संशोधनाचं, काम जपानी संदेश पकडून उलगडण्याचं. जपानी लष्कराची जलवाहतुकीची कूटपद्धत 1943 साली फुटली, त्यात या केंद्राचा वाटा होता. ब्लेचलीचं नाव जगाने ऐकलं आहे. दिल्लीतलं हे केंद्र भारतीय मुलांच्या पुस्तकांत फारसं दिसत नाही.

1943 सालीच, मार्चच्या 9 तारखेच्या रात्री, गोव्यात मार्मागोव्याच्या बंदरात एक प्रकार घडला. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे ‘एरेनफेल्स’ आणि आणखी काही जर्मन व इटालियन जहाजं युद्धकाळात तिथे अडकून होती. ‘एरेनफेल्स’वरच्या लपवलेल्या प्रक्षेपकावरून दोस्तांच्या जहाजांची खबर जर्मन पाणबुड्यांना जाते, असा ब्रिटिशांचा निष्कर्ष होता. कलकत्त्याच्या एका निमलष्करी घोडदळातले मध्यमवयीन व्यापारी-अधिकारी एका जुन्या बार्जमधून समुद्रमार्गे आले आणि त्यांनी छापा घातला. जर्मन खलाशांनी स्वतःच जहाजं बुडवली. यावर इंग्रजीत पुस्तक झालं, 1980 साली चित्रपट झाला. दोन्हींत गोव्याचा माणूस मागच्या पडद्यावर आहे. वर्षानुवर्षं ती जहाजं रोज पाहणारा, खलाशांना मासळी विकणारा, बिनतारी यंत्राची तार कुठे लपली आहे हे कदाचित सर्वांआधी ओळखणारा वास्कोचा मुलगा अजून कुणी लिहिलेला नाही.

मुंबईत 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस रेडिओ ही गुप्त नभोवाणी सुरू झाली. ती चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा 22 वर्षांच्या होत्या. पकडलं जाऊ नये म्हणून प्रक्षेपणाची जागा सतत बदलली जाई आणि पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत. नोव्हेंबरच्या 12 तारखेला त्या पकडल्या गेल्या. गोवामुक्तीच्या लढ्यात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी 1955 ते 1961 अशी सहा वर्षं सीमेवरच्या जंगलांतून, आधी आंबोलीच्या परिसरातून आणि मग कॅसल रॉकहून, कोकणी आणि पोर्तुगीजमधून गुप्त नभोवाणी चालवली. पोर्तुगीज शरण आल्यावर ती बातमी त्यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोव्याला सांगितली. लिबियाताईंना 2025 साली पद्मश्री मिळाली.

चंद्रपूर, गडचिरोली आणि गडचांदूर

काँग्रेस रेडिओचा एक धागा थेट चंद्रपूर जिल्ह्यात येतो. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गावोगावी वातावरण तापलं होतं. 16 ऑगस्टला लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हे तरुण हुतात्मा झाले, अधिकारीही मारले गेले. मग लष्कर आलं आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. वर्तमानपत्रांवर बंधनं होती. प्राध्यापक भन्साळींनी चौकशीसाठी 63 दिवस उपोषण केलं, तर त्याच्या बातम्याही दाबल्या गेल्या. पण काँग्रेस रेडिओने चिमूरची हकिकत देशाला ऐकवली. चिमूरसारख्या आडवळणी गावातून ती मुंबईच्या त्या लपत्या खोलीपर्यंत कोणत्या हातांतून, कोणत्या शब्दांत लपून पोचली असेल, हा आमच्या जिल्ह्यातल्या लेखकासाठी सर्वांत थेट विषय आहे.

त्याच्याही 84 वर्षं आधी वीर बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं. मोलमपल्लीचे हे जमीनदार पंचविशीतले होते. त्यांनी गोंड-माडिया तरुणांची जंगोम सेना उभारली, 1858 च्या मार्चमध्ये राजगड परगणा घेतला आणि नांदगाव घोसरीला इंग्रजी फौजेशी झुंज दिली. 29 एप्रिलला त्यांच्या माणसांनी प्राणहिताकाठी चिंचगुंडीच्या तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे तारखात्याचे दोन अधिकारी मारले गेले. तिसरा, पीटर, निसटला आणि त्याने चांद्याचा (आताच्या चंद्रपूरचा) डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनला खबर दिली. पुढे फितुरीने बाबूराव पकडले गेले आणि 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. मुलांसाठीच्या चरित्रांत फाशीचा प्रसंग ठळक येतो. तारखात्याची छावणी मात्र ओझरती येते. माझ्या मते ती या उठावाच्या गोष्टीचा कणा होऊ शकते. जंगलातला निरोप ढोलाने, पायवाटेने, गोंडी शब्दाने जात होता. इंग्रजांचा निरोप तारेवरून जात होता. ही लढाई निरोपांच्या दोन जाळ्यांमध्येही झाली, हे कळलं की वाचक मुलाला बाबूरावांच्या शौर्याबरोबर त्यांच्यापुढचा पेचही दिसेल.

गडचांदूरची स्वतःची बाजू वेगळी आहे. बाहेरच्यांना हे गाव सिमेंट कारखान्यांमुळे आणि माणिकगडामुळे माहीत असतं. पण हा सारा जुना राजुरा तालुका 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे दुसरं महायुद्ध चालू असताना इथल्या मुलांच्या डोक्यावर दुहेरी सत्ता होती. त्याच जिल्ह्यातल्या जोडेघाटला 1940 साली निजाम सरकारविरुद्ध उठाव करणारे कोमराम भीम मारले गेले. उठावाची कारणं समजून घ्यायला निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाची मदत घेतली. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यामुळे त्यांच्याकडे जर्मन पारपत्र होतं, म्हणून युद्ध सुरू होताच ब्रिटिश हिंदुस्थानात ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहावं लागलं. त्यांच्या पुढाकाराने 1943 साली मारलवाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि देवनागरीत छापलेली गोंडी वाचनमाला तयार झाली. जग कूटं फोडण्यात गुंतलं असताना इथल्या डोंगरात गोंडी मुलं आपली भाषा पहिल्यांदा छापील अक्षरांत वाचत होती.

त्याच आदिलाबादमधल्या गुंजाला गावात गोंडी भाषेची जुनी हस्तलिखितं एका स्वतंत्र लिपीत सापडली. ती वाचू शकणारी मोजकी वयोवृद्ध माणसं उरली होती. त्यांच्याकडून लिपी पुन्हा शिकली गेली, वाचनपुस्तकं झाली आणि 2018 साली गुंजाला गोंडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 साली घडवलेली दुसरी गोंडी लिपी त्याआधी वर्षभर तिथे पोचली होती. गडचांदूरहून जिवतीचा डोंगर ओलांडला की हा प्रदेश सुरू होतो.

लिहिताना काय सांभाळायचं

बाहेरच्या चांगल्या पुस्तकांवरून तीन कसोट्या हाती येतात. पहिली, कूट पानावर खरोखर चाललं पाहिजे. वाचकाला किल्ली मिळावी, संदेश मिळावा, आणि नायिकेच्या आधी उत्तर शोधण्याची संधीही मिळावी. कूट कठीण आहे असं नुसतं सांगणारी कादंबरी मुलं लगेच ओळखतात.

दुसरी कसोटी किमतीची. संदेश उलगडल्यावर खरा पेच सुरू होतो. शत्रूच्या जहाजांचा मार्ग कळल्यावरही दोस्त आधी टेहळणी विमान पाठवत, म्हणजे शत्रूला वाटावं की विमानानेच जहाज हेरलं. आपल्याला कळलं आहे हे कळू द्यायचं नाही, त्यासाठी कधी गप्प राहायचं, आणि त्या गप्प राहण्याची झळ कुणाला लागते, हे प्रश्न चौदा वर्षांच्या मुलाला पेलतात. आपल्या इतिहासात याला आणखी एक पदर आहे. दिल्लीच्या केंद्रात काम करणारा हिंदी सैनिक जपानशी लढत होता, तेव्हाच त्याच्या देशातली माणसं इंग्रजांच्या तुरुंगात होती. अशा तरुणाला एका शब्दात देशभक्त किंवा फितूर ठरवणारी कादंबरी खोटी होईल.

तिसरी कसोटी भाषेच्या मालकीची. गोंडी, कोलामी, माडिया या भाषांना रहस्याचं साधन बनवून मराठी नायकाच्या हाती द्यायचं, हा मोह होईल. तो टाळायला हवा. गोंडी बोलणारी माणसं 2011 च्या जनगणनेत 29 लाखांच्या वर होती. गडचिरोलीच्या मोहगावात ग्रामसभेने 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. ही जिवंत भाषा आहे, तिची स्वतःची मुलं आहेत, आणि त्या मुलांनी नायक व्हायला हवं. शक्य असेल तिथे लेखकही त्यांच्यातूनच यावा. ब्रुशाक स्वतःला अबेनाकी वारशाचे लेखक म्हणवतात. दुसऱ्या जमातीविषयी लिहिताना त्यांनी जी जबाबदारी पाळली, ती आपल्याकडच्या लेखकांनाही पाळता येईल.

इतिहास आणि कल्पना यांची सीमाही मुलांना दाखवावी लागेल. बहिर्जीच्या नावावरच्या कित्येक कथा दंतकथा आहेत, पानिपतच्या पत्राची हकिकत सांगीव आहे, जोडेघाट आणि चिंचगुंडी मात्र नोंदींत आहेत. पुस्तकाच्या शेवटी दोन पानं देऊन काय घडलं आणि काय कल्पिलं हे स्पष्ट लिहिलं, तर वाचकाचा रस कमी होत नाही. ती दोन पानं वाचून कित्येक मुलं संग्रहालयाचा आणि ग्रंथालयाचा रस्ता धरतात.

पुढे काय

मराठीत हे दालन उभं करायला मोठ्या निधीची वाट पाहायची गरज नाही. ‘किशोर’सारखं मासिक आणि दिवाळी अंकांचे कुमार विभाग अशी क्रमशः कथा छापू शकतात, ज्यात प्रत्येक अंकात एक कूट असेल आणि उत्तर पुढच्या अंकात. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे मोडी लिपीचे वर्ग चालतात. तिथल्या शिक्षकांनी आणि कथालेखकांनी एकत्र बसलं तर मोडी अक्षरं मुलांच्या गोष्टीत कामाला येतील. महाराष्ट्रात मोडीतली असंख्य कागदपत्रं वाचणाऱ्याची वाट पाहत पडली आहेत, आणि ती वाचणारी पुढची पिढी अशाच एखाद्या पुस्तकामुळे त्या वाटेला लागेल. आमच्या तालुक्यांतल्या शाळांत गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून निरोपांच्या, खुणांच्या, जंगलातल्या संकेतांच्या हकिकती नोंदवून घ्याव्यात, त्या सांगणाऱ्यांच्या नावानेच छापाव्यात.

गडचांदूरचं मूल घरात गोंडी किंवा कोलामी, शाळेत मराठी, बाजारात तेलुगू आणि कारखान्याच्या वसाहतीत हिंदी ऐकत वाढतं. तांड्यावरचं मूल त्यात गोरबोलीची भर घालतं. शाळेला ही पुष्कळदा अडचण वाटते: मूल शुद्ध बोलत नाही, भाषा मिसळतं, असं म्हटलं जातं. रेयेव्हस्की, मेव्हिस लीव्हर आणि नावाहो सैनिक यांच्या गोष्टी नेमकं याच्या उलट सांगतात. दोन भाषांच्या मधल्या जागेत राहणारा माणूस अर्थाची फट लवकर पाहतो. पोलिश रेयेव्हस्की जर्मन शिकला होता, मेव्हिस लंडनमध्ये जर्मन साहित्य शिकत होती, नावाहो मुलांना घरची भाषा आणि शाळेची इंग्रजी दोन्ही येत होत्या. आमच्या मुलांकडे हे भांडवल जन्मतःच आहे. ते त्यांना अभिमानाने वापरता यावं, त्यांच्यासारख्याच एखाद्या मुलीने चिंचगुंडीची तार ऐकावी, चिमूरची बातमी वेणीत लपवून न्यावी, मार्मागोव्याच्या जहाजावरच्या दिव्याची उघडझाप मोजावी, अशी पुस्तकं त्यांच्या हातात पडायला हवीत. ती लिहिणारा लेखक याच मातीतून, याच भाषांतून यावा, आणि पहिलं पुस्तक येत्या काही वर्षांतच यावं, अशी माझी मागणी मराठी प्रकाशकांकडे, संपादकांकडे आणि आमच्या भागातल्या शिक्षकांकडे आहे.